बहात्तर तास आणि सातशे वीस तास

जानेवारीचा पहिला आठवडा म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगाव तालुक्यात ओलिताचे दिवस. कापसाची वेचणी सरत आलेली, गहू वाढीला लागलेला, हरभरा फुलोऱ्यात. पाणी विहिरीत असतं, बोअरात असतं, बेंबळा प्रकल्पाच्या कालव्यात असतं. पण ते वावरात यायला लाईन लागते. आमच्याकडे विजेला वीज फक्त बिलावर म्हणतात. एरवी लाईन आली, लाईन गेली, लाईन कमी हाय, एवढीच तिची बाराखडी.

२०२३ सालच्या याच आठवड्यात वीज कर्मचाऱ्यांच्या संपाने ही लाईन ७२ तासांसाठी पणाला लावली. भांडणाचं मूळ इथून साडेसहाशे-सातशे किलोमीटरवर, भांडुप-ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात होतं. त्याचा बाभुळगावशी संबंध काय? संबंध होता, आणि चांगला खोलवर होता. तो घड्याळ हातात धरूनच समजून घ्यावा लागतो.

काही महिने आधी

२०२२ च्या उत्तरार्धात अदानी ट्रान्समिशनच्या एका उपकंपनीने महाराष्ट्र वीज नियामक आयोगाकडे अर्ज केला. मुलुंड, भांडुप, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, तळोजा, उरण या भागात वीज वितरणाचा समांतर परवाना मिळावा, अशी मागणी होती. तिथे आधीपासून वीज देते ती महावितरण. १९६० साली स्थापन झालेल्या राज्य वीज मंडळाचे २००५ मध्ये भाग झाले. वीज तयार करणारी महानिर्मिती, ती वाहून नेणारी महापारेषण आणि घराघरात पोचवणारी महावितरण. तिन्ही सरकारच्या मालकीच्या.

अर्जात गैर काही नव्हतं. २००३ च्या वीज कायद्याचं १४ वं कलम सांगतं की एकाच भागात एकापेक्षा जास्त कंपन्यांना वितरणाचा परवाना देता येतो. अट अशी की नव्या कंपनीने स्वतःच्या तारा, स्वतःची यंत्रणा उभारावी. पुढचं वाक्य तर आणखी ठसठशीत आहे. बाकीच्या अटी पुऱ्या होत असतील, तर तिथे आधीच एक कंपनी आहे एवढ्या कारणावरून अर्ज नाकारता येत नाही.

म्हणजे इथे विक्री नव्हती. खांब विकले जाणार नव्हते, उपकेंद्रं विकली जाणार नव्हती, खरेदीखत नव्हतं. शेजारी दुसरं दुकान उघडणार होतं, एवढंच. कामगार संघटनांनी मात्र याला मागच्या दाराने येणारं खासगीकरण म्हटलं. कोण बरोबर, याचा हिशोब आपण सकाळी दहा वाजता करू.

४८ तास आधी

सोमवार, २ जानेवारी. गेले दोन-तीन आठवडे आंदोलन तापत होतं. त्या दिवशी ठाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयासमोर वीज कर्मचाऱ्यांची हजारोंची गर्दी जमली. तिन्ही कंपन्यांतल्या तीसेक संघटना एका संघर्ष समितीत आल्या होत्या. वीज मंडळातल्या संघटनांचं आपसात किती पटतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या एकीचं वजन कळेल. लाल बावटा, भगवा, निळा, अभियंते, तंत्रज्ञ, कार्यालयीन बाबू, सगळे एका मांडवाखाली. मागणी साधी होती. समांतर परवाना देऊ नका, कंपन्यांचं खासगीकरण करू नका, रिकाम्या जागा भरा, कंत्राटी कामगारांना न्याय द्या.

नोटीस तीन दिवसांच्या संपाची होती. त्यातून काही निघालं नाही, तर १८ जानेवारीपासून बेमुदत.

२४ तास आधी

मंगळवार, ३ जानेवारी. सरकारने मेस्मा म्हणजे अत्यावश्यक सेवा कायद्याचं हत्यार उपसलं. महावितरणने चोवीस तासांचे नियंत्रण कक्ष उघडले. निवृत्त माणसं, ठेकेदारांची माणसं, एजन्सीची माणसं, जे मिळतील ते हात गोळा करायचं काम सुरू झालं.

वीज कंपनीत माणसांचे हात कुठे लागतात, हे इथे सांगायला हवं. कारण तारेतून वीज आपोआप वाहते, असं आपल्याला वाटतं. वाहतेही, काही बिघडेपर्यंत.

रात्रीचे १२. उरले ७२ तास

तारीख बदलली आणि संप सुरू झाला. राज्यभरात ८६ हजारांच्या आसपास कर्मचारी, अधिकारी, अभियंते, आणि त्यांच्या जोडीला हजारो कंत्राटी कामगार.

बाराच्या ठोक्याला कुठेही अंधार पडला नाही. संपाचं अवघडपण यातच असतं. गिरणीतला कामगार बसला की चाक थांबतं. वीज कामगार बसला तरी दिवा चालूच राहतो. तो चालू असेपर्यंत लोक म्हणतात, बघा, यांच्यावाचून काही अडत नाही. आणि मग एखादी फांदी तारेला घासते.

पहाटेचे ३. उरले ६९ तास

शेतीच्या पंपांना थ्री फेज लाईन पाळीने मिळते. कधी दिवसा, कधी रात्री, साधारण आठ तास. रात्रपाळी असली की बाभुळगावचा शेतकरी जेवण आटोपून वावराकडे निघतो. डोक्याला फडकं, अंगावर घोंगडी किंवा लेकाचं जुनं स्वेटर, एका हातात बॅटरी, दुसऱ्यात फावडं. जानेवारीतल्या पहाटे पाण्यात पाय घालून दांड फोडायचा, एक वाफा भरला की बुजवायचा, दुसरा उघडायचा. मागे धुऱ्यावर रानडुकरांची खुसफुस, पुढे पाण्याची चकाकती रेघ, आणि मधे विहिरीवरच्या मोटारीचा एकसुरी आवाज. त्या आवाजाकडे त्याचा कान असतो. आवाज जड झाला की समजावं, एक फेज गेली. तो पळत स्टार्टरपाशी जातो, कारण दोन फेजवर मोटार चालली तर वाइंडिंग जळतं आणि ओलिताचा सगळा नफा रिवाइंडिंगवाल्याच्या घरी जातो.

एरवी अशा वेळी तो लाईनमनला फोन लावतो. महावितरणने त्याला जनमित्र असं गोंडस नाव दिलं होतं. गावात तो लाईनमनच. अर्ध्या झोपेत उचललेल्या फोनवर तो दोनच प्रश्न विचारतो. कोणती डीपी? फ्यूज गेला का तार पडली? शेतकऱ्याचं आडनाव आणि विहीर कळली की खांब कोणता, हे त्याला डोळे मिटूनही सांगता येतं. ही माहिती कोणत्याही फाइलीत नाही.

मग तो उपकेंद्रात फोन करून परमिट घेतो. तिथे पाळीवर असलेला यंत्रचालक अकरा केव्हीचा फीडर बंद करतो आणि परमिट परत येईपर्यंत तो चालू करत नाही. लाईनमन खांबावर चढण्याआधी अर्थिंग करतो, वर जाऊन तुटलेलं झंपर बांधतो, खाली उतरतो, परमिट परत करतो आणि मग यंत्रचालक फीडर पुन्हा चालू करतो. दोन माणसांमधला हा विश्वास म्हणजेच विजेचं खातं. खांबावरच्या माणसाचा जीव उपकेंद्रातल्या माणसाच्या शब्दावर टांगलेला असतो.

४ जानेवारीच्या पहाटे या साखळीतली दोन्ही टोकं संपावर होती. एजन्सीचा नवा माणूस आणला तरी त्याला डीपी कोण दाखवणार, आणि परमिट कुणाच्या भरवशावर देणार?

सकाळचे ७. उरले ६५ तास

संपाचं गणित आता दिसू लागलं. बिघाड रोजच होतात. फ्यूज उडतो, केबल जळते, इन्सुलेटर फुटतो. एरवी जितके होतात तितके दुरुस्त होतात, म्हणून आपल्याला कळत नाहीत. दुरुस्ती थांबली की ते एकावर एक साचतात. पहिल्या सहा तासांत एक गल्ली अंधारात जाते. चोवीस तासांत एक पेठ. बहात्तर तासांत काय, याची कल्पना कुणालाच करायची नव्हती.

पुण्याच्या शिवणे, वारजे, धायरी भागातून सकाळीच लाईन गेल्याच्या बातम्या यायला लागल्या. राज्यात इतरत्रही ठिकठिकाणी तेच. शहरात लाईन गेली की लिफ्ट थांबते, मग पाण्याची टाकी रिकामी होते, मग मोबाइल बंद पडतो. आमच्या तालुक्याच्या ठिकाणी क्रम थोडा वेगळा. आधी नळाला पाणी येत नाही, मग पीठगिरणी बंद, मग झेरॉक्सचं दुकान, मग बँकेचा सर्व्हर. वावरातला गहू काही बोलत नाही. त्याचं एक पाणी चुकलं की तो ते सुगीच्या वेळी सांगतो.

तिकडे वीजनिर्मितीचा प्रश्न याहून मोठा होता. महावितरणची मागणी हिवाळ्यातसुद्धा २० हजार मेगावॅटच्या पुढे जाते, आणि एवढी वीज साठवून ठेवता येत नाही. जितकी खपते तितकी त्याच क्षणी तयार व्हावी लागते. ताळा जमला की ग्रिडची वारंवारिता ५० हर्ट्झला टिकते; बिघडला की संच एकामागून एक स्वतःला तोडून घेतात. ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात बसलेली माणसं हा तराजू मिनिटामिनिटाला सांभाळतात. कोराडीचा एक मोठा संच ६६० मेगावॅटचा. तो बंद पडला आणि बॉयलर थंडावला, तर पुन्हा पेटवून पूर्ण भाराला आणायला कित्येक तास जातात. लाईनमनचा संप गल्ली अंधारात घालतो. बॉयलर थंडावले तर राज्य अंधारात जातं.

सकाळचे १०. उरले ६२ तास

आता तो हिशोब.

एकत्र कुटुंबाचं चित्र डोळ्यांपुढे आणा. थोरला शहरात नोकरीला, महिन्याला रोकडा पाठवतो. धाकटा घरची शेती बघतो. कधी पिकतं, कधी नाही. चूल एक, म्हणून घर चालतं. उद्या थोरला वेगळा निघाला, तर त्याने धाकट्याचा वाटा हिसकावला असं कुणी म्हणणार नाही. घरचा एक दगडही त्याने विकलेला नसतो. पण चूल मात्र विझते.

महावितरणचं घर असंच चालतं. कारखाने, मॉल, कार्यालयं यांना वीज खर्चाहून महाग दराने दिली जाते आणि शेतीपंपांना खर्चाहून स्वस्त. मधली दरी भरते ती वरच्या दराची रक्कम; आयोगाच्या भाषेत क्रॉस सबसिडी. उरलेला भार सरकारी अनुदान उचलतं. राज्यात शेतीपंप ४० लाखांच्या वर आणि त्यांची थकबाकी ४० हजार कोटींच्या वर. यवतमाळसारख्या जिल्ह्यात लांबलांब तारा, विखुरलेले ग्राहक, गळती जास्त, वसुली कमी. भांडुप परिमंडळात त्याच्या नेमकं उलटं: दाट वस्ती, मोठे उद्योग, वेळेवर बिल.

समांतर परवाना मागितला गेला तो याच पट्ट्यासाठी. बाभुळगाव, घाटंजी, झरी-जामणीसाठी कुणी मागितला नाही. यात दोष कंपनीचा नाही. धंदा जिथे आहे तिथेच व्यापारी जाणार. पण थोरले ग्राहक दुसऱ्या दुकानात गेले, तर धाकट्यांचा खर्च कुणाच्या बिलात टाकायचा?

दुसरी बाजूही ऐकायला हवी. मुंबईच्या उपनगरांत दोन कंपन्यांमधून निवड करण्याचा हक्क ग्राहकाला सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या निकालानंतर मिळाला आणि कित्येकांनी तो वापरला. स्पर्धा आली की सेवा सुधारते, हे म्हणणं खोटं नाही. आणि बिलाची चूक दुरुस्त करायला तीन चकरा मारलेला, जळालेल्या डीपीसाठी वर्गणी काढलेला माणूस महावितरणवर उदार असेल, अशी अपेक्षा कुणी करू नये. सरकारी कंपनी वाईट चालली की लोक खासगीच्या बाजूने उभे राहतात. कर्मचाऱ्यांनी हेही ऐकून घ्यावं.

दुपारचे १२. उरले ६० तास

वीज वितरण खासगी हातात देण्याचा प्रयोग महाराष्ट्राला नवा होता असंही नाही. २००७ च्या प्रजासत्ताक दिनापासून भिवंडीची वीज टोरंट पॉवरकडे फ्रँचायझीने गेली. तिथली गळती खाली आली आणि कंपनी टिकली. हे यश मान्य करावंच लागतं. मग २०११ मध्ये औरंगाबाद जीटीएलकडे, जळगाव क्रॉम्प्टन ग्रीव्ह्जकडे आणि आमच्या विदर्भातल्या नागपूरचे सिव्हिल लाईन्स, महाल, गांधीबाग हे विभाग स्पॅन्कोकडे दिले. औरंगाबाद २०१४ मध्ये परत आलं, जळगाव २०१५ मध्ये. नागपुरात स्पॅन्कोची एसएनडीएल पुढे एस्सेल समूहाकडे गेली आणि २०१९ च्या सप्टेंबरात तिच्याकडूनही कारभार महावितरणकडे आला. या चारांपैकी तीन प्रयोग नऊ वर्षांच्या आत घरी परतले.

     

दुपारचा १. उरले ५९ तास

मुंबईत सह्याद्री अतिथीगृहावर बैठक झाली. एका बाजूला तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस, दुसऱ्या बाजूला संघर्ष समितीचे नेते. मेस्मा लावलेला होता, पण मेस्माने खांबावर माणूस चढत नाही. कारवाईची नोटीस देता येते, झंपर बांधता येत नाही. बोलण्याला पर्याय नव्हता.

दुपार कलताना. उरले साधारण ५७ तास

संप मागे घेतला गेला.

फडणवीसांनी सांगितलं की सरकारला या कंपन्यांचं खासगीकरण करायचं नाही. उलट पुढच्या तीन वर्षांत तिन्ही कंपन्यांत ५० हजार कोटींची गुंतवणूक करू. समांतर परवान्याबाबत सरकार आयोगापुढे आपली बाजू मांडेल. कंत्राटी कामगारांचाही विचार होईल. संघटनांचं समाधान झालं, माणसं कामावर परतली, ७२ तासांचं घड्याळ पंधरा तासांतच थांबलं. साचलेले बिघाड निघायला लागले, अंधारलेल्या गल्ल्या उजळल्या. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

संकट टळलं, असंच सगळीकडे छापून आलं.

त्यानंतर

पण टळलं काय? टळला तो अंधार. दुसरं घड्याळ थांबलेलं नव्हतं, कारण ते मंत्रालयात नव्हतंच. परवाना द्यायचा की नाही, हे मंत्री ठरवत नाहीत. आयोग ठरवतो, तोही कायद्याच्या चौकटीत. सरकार आयोगापुढे बाजू मांडू शकतं, हुकूम देऊ शकत नाही. सह्याद्रीवर मिळालेलं आश्वासन खरं होतं, पण ते कुलूप एका दाराचं होतं आणि किल्ली दुसऱ्याकडे होती.

पुढे २०२५ मध्ये समांतर परवान्यांचा विषय पुन्हा उसळला, या वेळी एका पट्ट्यापुरता नाही, राज्यातल्या अनेक शहरांसाठी. त्या वर्षी ९ ऑक्टोबरपासून वीज कर्मचारी पुन्हा संपावर गेले. मुदत तीच, ७२ तास.

दोन्ही वेळा सगळ्यांचं लक्ष बहात्तर तासांकडे होतं. कॅमेरे अंधाऱ्या गल्लीकडे, नेते सह्याद्रीकडे, आणि आपण मोबाइलच्या बॅटरीकडे. पण ज्या घड्याळात सामान्य माणसाला हात घालता येतो, ते वेगळंच आहे. वीज कायद्याच्या १५ व्या कलमात ते लिहिलेलं आहे. परवाना मागणाऱ्याने अर्ज केल्यापासून सात दिवसांत जाहीर नोटीस काढली पाहिजे आणि ती निघाल्यापासून तीस दिवसांच्या आत आलेल्या हरकती विचारात घेतल्याशिवाय आयोगाला परवाना देता येत नाही. एकतिसाव्या दिवशी आलेल्या हरकतीचा विचार होत नाही.

तीस दिवस म्हणजे ७२० तास.

हरकत घ्यायला भांडुपचा ग्राहक असण्याची अट त्या कलमात नाही. रात्रपाळीला दांड फोडणारा बाभुळगावचा शेतकरी हरकत घेऊ शकतो. आपला नळ आणि आपले पथदिवे याच लाईनवर चालतात, असं सांगून नगरपंचायत ठराव करून पाठवू शकते. ग्रामसभा पाठवू शकते, शेतकरी गट पाठवू शकतो. बाजूने लिहायचं असेल तर बाजूने लिहा. मुंबईतली स्पर्धा आमच्याही गावात आणा, असं म्हणायचाही हक्क आहे. पण लिहा.

लाईनमनने पंधरा तास काम बंद ठेवलं तर अख्ख्या राज्याला जाग येते. आपण सातशे वीस तास झोपून राहिलो, तर कुणाला कळतही नाही. पुढची नोटीस निघेल तेव्हा ती वाचा, आणि निघाल्याची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.